ढुम्म! आजोबांचा एसएमपीएस उडाला

ढुम्म!

रविवारची सकाळ, विरारजवळचं वटार, आमची ओटी. आतून आईचा आवाज आला, “नारळ पडला का रे?”

नारळ नाही आई, एसएमपीएस! तीस वर्षांच्या म्हाताऱ्या वर्कस्टेशनचा. भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेलं, जुन्या बनियनने पुसून चकाचक केलेलं, आणि प्लग लावताच धूर सोडून गप्प झालेलं. ब्रँड विचारू नका. म्हाताऱ्याची चारचौघांत अब्रू कशाला काढायची?

आता नवा एसएमपीएस, म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय, बसवणं आलं. बोअरिंग काम वाटतंय? थांबा राव! त्या पत्र्याच्या डब्यात तारापूर आहे, विरार लोकल आहे, चंद्र आहे आणि आगाशीची सुकेळीसुद्धा आहे. घ्या स्क्रू ड्रायव्हर. प्लग काढलाय ना? आधी तो काढा.

हे वर्कस्टेशन म्हणजे नेमकं कोण?

साध्या पीसीचा श्रीमंत थोरला भाऊ. १९८०-९०च्या दशकांत डिझाइनवाले, संशोधक आणि सिनेमावाले ज्याच्यासमोर बसायचे, तो. घरात असा कॉम्प्युटर असणं तेव्हा स्वप्नातही परवडत नसे.

‘जुरासिक पार्क’मधली ती छोटी पोरगी आठवते? डायनोसॉर दाराशी, आणि ही स्क्रीनकडे बघून म्हणते, हे तर युनिक्स! पडद्यावर उडत जाणारी ती थ्री-डी फाइलींची नगरी सिनेमावाल्यांची थाप वाटते ना? माहीत आहे का, तो सिलिकॉन ग्राफिक्सच्या वर्कस्टेशनवर खरोखर चालणारा प्रोग्रॅम होता!

आणि ‘टॉय स्टोरी’? १९९५चा तो सिनेमा रेंडर करायला सन कंपनीची ११७ वर्कस्टेशनं रात्रंदिवस जुंपली होती. वुडी आणि बझ पडद्यावर दंगा करायचे, घाम मात्र ११७ पॉवर सप्लायना फुटायचा.

सन म्हणजे सूर्य? छे. सण? तो तर नाहीच. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कची आद्याक्षरं! १९८२मध्ये चौघांनी ही कंपनी काढली. त्यातले एक विनोद खोसला. त्यांचा जन्म कुठला? पुण्याचा. पुणेकरांनो, कॉलर टाइट करा. दुपारी एक ते चार सोडून.

२३० म्हणजे २३० नव्हे!

आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण माहीत आहे का, तो आकडा एका खास प्रकारच्या सरासरीचा आहे. एसी वीज सेकंदाला ५० वेळा वरखाली हेलकावते आणि प्रत्येक हेलकाव्याच्या टोकाला ती पोहोचते थेट ३२५ व्होल्टवर!

एसएमपीएस पहिलं काम काय करतो? ही ३२५ची उंची पकडून ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये न हेलकावणारी डीसी करून साठवतो. मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडतो, चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून काढतो आणि शेवटी कॉम्प्युटरच्या तोंडी ५ आणि १२ व्होल्टचा मऊ भात भरवतो. हेलकावे जितके जलद, तितका ट्रान्सफॉर्मर छोटा. म्हणून तर तुमचा मोबाइल चार्जर मुठीत मावतो. तोही एसएमपीएसच, याच घराण्यातलं शेंडेफळ.

आणि हो, तो मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून बसू शकतो. आमच्याकडचा जुना रेडिओवाला असल्या मशीनमध्ये हात घालताना डावा हात खिशात ठेवायचा. स्टाइल नव्हती ती. दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून आरपार जातो. तुम्ही मात्र खिशात हात घालूनही धाडस करू नका. आधी मीटर लावा, व्होल्टेज शून्यावर आलंय हे डोळ्यांनी बघा, मगच बोट.

विरार लोकलचाही पॉवर सप्लाय बदललाय!

चकित? १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. विरारपर्यंत वीज आली १९३६ मध्ये, तीही डीसीच. पुढे देशभर २५,००० व्होल्ट एसीची फॅशन आली आणि आपला विरार झाला दोन विजांचा नाका. मुंबईकडे डीसी, गुजरातकडे एसी!

मग अहमदाबादची गाडी काय विरारला इंजिन बदलायची? नाही ना! तिच्यासाठी १९७०च्या दशकात दोन्ही विजा खाणारं खास इंजिन आणलं गेलं. विरारच्या पुढे तारेत एक मेला तुकडा होता, तिथे वीजच नसायची. गाडी तेवढी वेगाच्या जोरावर घरंगळायची, ड्रायव्हर स्विच फिरवायचा आणि खाणं बदलायचं. वरणभातावरून थेट उंधियूवर.

पश्चिम रेल्वेच्या लोकलमार्गावरचं डीसीचं राज्य २०१२ मध्ये संपलं. एवढ्या अजस्र म्हाताऱ्याचा पॉवर सप्लाय बदलला, आणि तोही गाड्या चालू ठेवून! आमच्या ओटीवर एका डब्यासाठी रविवार जातो.

लाल बटणाची काळी करामत

जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर एक इवलंसं लाल सरकबटण असतं. ११५ / २३०. ते अमेरिकेच्या १२० व्होल्टसाठी आहे. न्यू जर्सीच्या मावशीकडून मशीन आलं, बटण ११५वर राहिलं आणि पठ्ठ्याने ते वटारच्या सॉकेटात खुपसलं, तर?

११५वर असताना आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं, म्हणजे पुन्हा तेच ३२५. त्याला २३० दिले की दुप्पट होऊन सुमारे साडेसहाशे! आतल्या दोन कपॅसिटरांना प्रत्येकी दोनशेच्या आसपास सोसायची सवय. वाट्याला येतात सव्वातीनशे. पुढचा आवाज तुम्ही वर ऐकलाच आहे. (आमचं बटण २३०वरच होतं. शपथ!)

मग आमचा उडाला कशाने?

संशयित क्रमांक एक : रिफा! हा स्वीडिश कपॅसिटर दिसायला एकदम झकास, मधाच्या वडीसारखा पिवळसर पारदर्शक. काम विजेतला खरखराट गाळायचं. पोटात कागदाची घडी, बाहेरून राळेचं कवच. काही वर्षांनी कवचाला बारीक भेगा पडतात, कागद हवेतलं पाणी पितो आणि एके दिवशी भडका, घाणेरडा धूर आणि घरभर पळापळ.

आता सांगा, वटारची हवा कशी? समुद्र हाकेच्या अंतरावर, जुलैत पापडही मऊ पडतात. अशा ठिकाणी कागदाचा कपॅसिटर म्हणजे पावसात सोडलेली पतंग. गंमत म्हणजे रिफा फुटला तरी बऱ्याचदा कॉम्प्युटर चालूच राहतो! घरात धूर, स्क्रीनवर मात्र सारं आलबेल. आमच्या म्हाताऱ्याला तेवढाही दम निघाला नाही. रिफाबरोबर फ्यूजही गेला.

संशयित क्रमांक दोन : आतले ते गोल डबेवाले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. यांच्या पोटात रसायनाचा ओला द्रव असतो. काही म्हातारपणी टम्म फुगतात. काहींचा द्रव हळूहळू उडून जातो आणि मग उन्हात वाळवलेल्या केळ्यांसारखी त्यांची होते सुकेळी! आगाशीची सुकेळी निदान गोड लागते. इथे उन्हाचं काम मशीनची गरमी करते.

यांच्या आयुष्याचा एक झक्कास ठोकताळा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्धं. दहा अंशांनी उतरवा, दुप्पट! म्हणून मागचा पंखा धुळीने गच्च भरला की समजा, मशीनचं वय दुपटीने धावतंय. तुमचा पंखा शेवटचा कधी पुसलात? मान खाली घालू नका, माझंही तेच.

माहीत आहे का, काही कपॅसिटर गळायला लागले की चक्क मासळीचा वास येतो? खरंच! त्यांच्या द्रवातल्या रसायनाचा तो गुण. परदेशात हा वास आला की मेकॅनिक लगेच सावध होतात. आमची पंचाईत बघा. अर्नाळ्याकडून वारा सुटला की सगळ्या गावाचाच कपॅसिटर गळतोय असं वाटतं! आई म्हणाली, “सुकट आहे डब्यात.” मशीन म्हणालं, मी पण आहे.

कपॅसिटरांची साथ

साथ फक्त माणसांत येते? अंहं. २०००च्या आसपास तयार झालेल्या लाखो कपॅसिटरांना अकाली फुगण्याचा रोग जडला. जगभर मदरबोर्ड पटापट मान टाकू लागले. एकट्या डेल कंपनीने २००५ मध्ये या दुरुस्त्यांसाठी सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढले. द्रवाचा फॉर्म्युला चोरला गेला आणि चोराने तो अर्धवटच उतरवला, अशी कहाणी सांगतात. कॉपी करताना शेजाऱ्याचं शेवटचं पान राहिलं की मार्क असेच जातात.

चंद्रावर गेलेला डबा

स्टीव्ह जॉब्जने अभिमानाने सांगितलेलं, आमच्या अ‍ॅपल टूचा पॉवर सप्लाय बघून सगळ्या जगाने नक्कल केली! १९७७ सालच्या त्या मशीनसाठी रॉड होल्ट नावाच्या इंजिनीअरने खरंच सुंदर एसएमपीएस बनवला होता. जॉब्जला पंख्याचा आवाज सहन होत नसे, म्हणून गरम न होणारा सप्लाय हवा होता.

पण शोध? तो आधीच लागलेला. १९७२चा एचपी-३५ खिशातला कॅल्क्युलेटर याच तत्त्वावर चालायचा, आणि त्याहीआधी अपोलोचा कॉम्प्युटर हे तंत्र घेऊन चंद्रावर जाऊन आला होता. जॉब्जसाहेब, तुमचा नंबर बराच मागे.

पंख्याचा हा राग अ‍ॅपलला पुढे भोवला. १९८०चा अ‍ॅपल थ्री बिनपंख्याचा, तापून तापून चिपा खोबणीतून सैल व्हायच्या. उपाय काय सांगितला गेला, माहीत आहे? मशीन दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर आपटा! दूरदर्शनच्या काळात टीव्हीला मागून चापट मारणारे आपले बाबा अखेर जागतिक दर्जाचे इंजिनीअर ठरले.

चला लॅमिंग्टन रोडला

नवा माल आणायचा कुठून? वटारहून रिक्षाने विरार, लोकलने दादर, तिथून स्लो गाडीने ग्रँट रोड आणि पुढे चालत लॅमिंग्टन रोड. तिकडे दुकानाच्या पाटीवर पत्ता वाचाल तर लिहिलेलं असेल डॉ. भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ मध्येच मुंबईचं गव्हर्नरपद सोडून गेले; टॅक्सीवाल्याला आणि रेझिस्टरवाल्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

दुकानात ‘पॉवर सप्लाय युनिट’ म्हणाल तर पोरगा बघत राहील. ‘एसएमपीएस’ म्हणा, लगेच पुढ्यात पाच डबे.

पण घाई नको! जुन्या वर्कस्टेशनांचे नखरे फार. कनेक्टर कंपनीचा स्वतःचा, तारांचा क्रम स्वतःचा, डब्याचा आकारही स्वतःचा. सनचं १९८९चं स्पार्कस्टेशन तर पिझ्झाच्या खोक्याएवढं चपटं. त्यात आजचा एसएमपीएस घालणं म्हणजे पोस्टकार्डाच्या पाकिटात फणस.

सगळ्यात डेंजर तो फसवा जुळा. १९९०च्या दशकाच्या अखेरीच्या कित्येक डेल मशीनमधला कनेक्टर हुबेहूब स्टँडर्ड एटीएक्ससारखा दिसायचा, खटकन बसायचा, आणि आतल्या तारांचा क्रम मात्र वेगळा! बसला म्हणून जुळला, असं समजून लोकांनी बोर्ड जाळले. लग्न जमवणाऱ्या मावश्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याहीआधीच्या पीसींत दोन कनेक्टर शेजारी शेजारी बसायचे, पी-८ आणि पी-९. उलटे लावले की मदरबोर्ड स्वर्गवासी. म्हणून त्या पिढीचा मंत्र होता : काळ्याला काळी चिकटव! दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकत्र आल्या की सगळं ठीक.

मूळ आयबीएम पीसीचा, १९८१च्या त्या आजोबांचा, सप्लाय किती वॅटचा होता? ६३.५! बस्स. आजच्या एखाद्या तगड्या गेमिंग कार्डाला एकट्याला ४५० वॅट लागतात. आजोबा पेज पिऊन राहिले, नातवाला रोज थाळी.

तर बरेच जाणकार काय करतात? जुना डबा तसाच ठेवतात, आतलं सर्किट काढतात आणि तिथे नवं, छोटं बसवतात. आम्ही त्याहून स्वस्त गेलो. रिफा काढला, सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलले, नवा फ्यूज टाकला. बदलताना + आणि − उलटं होऊ दिलं नाही, नाहीतर दुसरा नारळ पडला असता. कथिलाचा धूर, पंख्याची घरघर, आणि आईचं दर दहा मिनिटांनी “जेवायला ये.”

शंभर वॅटचा बॉडीगार्ड

दुरुस्त केलेला सप्लाय थेट सॉकेटात? कधीच नाही! आपल्या गल्लीतल्या मेकॅनिककडचा तो लाकडी सिरीज बोर्ड पाहिलाय? एक साधा पिवळा १०० वॅटचा बल्ब, सप्लायच्या अलीकडे सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि राहतो, सगळा मार स्वतःवर घेतो. सारं ठीक असेल तर क्षणभर चमकून मंद होतो. निकाल एका डोळ्यात! एलईडीच्या जमान्यात हे जुने बल्ब मिळेनासे झालेत. असतील घरात तर फेकू नका.

आणखी एक विचित्र गोष्ट. जुने काही एसएमपीएस रिकाम्यापोटी चालूच होत नाहीत. लोड नसला की रुसतात. मेकॅनिकचा उपाय? १२ व्होल्टच्या तारेला रिक्षाच्या हेडलाइटचा बल्ब. एसएमपीएसला वाटतं कॉम्प्युटर आला, आणि तो खुशीत कामाला लागतो. भोळा सांब!

माहीत आहे का, सप्लाय आणि मदरबोर्ड आपसांत बोलतात? सगळी व्होल्टेज स्थिरावली की सप्लाय एका वेगळ्या तारेवरून निरोप धाडतो, ‘पॉवर गुड’. तोवर प्रोसेसर हाताची घडी घालून बसतो. स्वयंपाकघरातून “पानं घ्या” अशी हाक येईपर्यंत पाटावर कुणी बसत नाही, तसंच.

थोडे रेकॉर्डही होऊन जाऊ देत

वीजखाऊ आजोबा बघायचेत? १९४६चा अमेरिकन एनिअ‍ॅक. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, १५० किलोवॅट. तो चालू केला की फिलाडेल्फियाचे दिवे मंद होत, अशी दंतकथाच पसरली होती.

आपला मुंबईकर? टीआयएफआरमधला टिफ्रॅक! १९६०पासून कामाला लागला. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० डायोड, १२,५०० रेझिस्टर. बारसं १९६२ मध्ये, आणि नाव ठेवायला खुद्द पंतप्रधान नेहरू.

१९७३चा झेरॉक्स आल्टो हा माउस आणि खिडक्यांवाल्या कॉम्प्युटरांचा मूळपुरुष. २०१६ मध्ये अमेरिकेत काही हौशी इंजिनीअरांनी एक आल्टो जिवंत करायला घेतला. आधी काय तपासलं असेल? बरोब्बर. पॉवर सप्लाय.

आणि हे घ्या, माझं सगळ्यात लाडकं. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या फायर स्टेशनमध्ये १९०१पासूनचा एक बल्ब अजून मिणमिणतोय. २०१३ मध्ये तो विझला. हळहळ! शंभरी पार केलेला बल्ब गेला! तपासलं तर बल्ब ठणठणीत होता, गेला होता त्याचा यूपीएस. साधी एक्स्टेंशन वायर जोडली, आणि पणजोबा पुन्हा उजळले.

अख्खं वर्ल्ड वाइड वेब एका प्लगवर होतं, माहीत आहे का? १९९०च्या सुमारास वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं नेक्स्ट वर्कस्टेशन हाच जगातला पहिला वेब सर्व्हर. त्यावर लाल शाईत हाताने लिहिलेली चिठ्ठी डकवली होती : हा सर्व्हर आहे, बंद करू नका. झाडूपोछा करणाऱ्याने व्हॅक्यूम क्लीनरसाठी प्लग काढला असता, तर तेव्हाचं वेब गुल!

ज्याचा पॉवर सप्लाय कुणीच बदलू शकत नाही असाही एक अंतराळप्रवासी आहे : व्हॉयेजर. १९७७ मध्ये निघाला तेव्हा सुमारे ४७० वॅट. दरवर्षी साधारण चार वॅट गळतात, आणि नासावाले एकेक उपकरण बंद करत संसार काटकसरीने चालवतात.

आणि बिनविजेचा डेटा स्टोरेज? तो तर आमच्या शेजारी! १८८२ मध्ये सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचाही सापडला. बावीसशे वर्षं झाली, ना फ्यूज, ना फॅन, ना अपडेट. कपॅसिटर नसल्याचा फायदा.

तर मग लागला का दिवा?

संध्याकाळ. बल्ब भक्कन चमकला, मंद झाला. मीटरवर पाच व्होल्ट, बारा व्होल्ट, एकदम सरळ. डबा मशीनमध्ये बसवला, चार स्क्रू आवळले (सहा होते; दोन नेहमीच उरतात, नियमच आहे). बटण दाबलं.

पंखा फिरला. हार्ड डिस्कने खोकून घसा साफ केला. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं चालू लागली. ओटीवर टाळ्या, म्हणजे माझ्या एकट्याच्या.

मग मशीनने तारीख दाखवली : १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच.

हे काय? माहीत आहे का, युनिक्सचं घड्याळ त्याच दिवशी ग्रीनविचच्या मध्यरात्री शून्यावर सुरू होतं, आणि आपण ग्रीनविचच्या साडेपाच तास पुढे. आतल्या घड्याळाचा सेल मेला होता; बिचाऱ्याला दुसरा दिवस ठाऊकच नव्हता. जो आठवला, तो त्याने सांगितला.

हिशेब केला. तारापूरचं अणुवीज केंद्र, आमच्याच जिल्ह्यातलं, देशातलं पहिलं, ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालं. म्हणजे म्हाताऱ्याच्या मते तारापूर जेमतेम दोन महिन्यांचं आहे, विरारला डीसी लोकल धावतेय आणि आईचं लग्नही ठरायचंय.

आईला स्क्रीन दाखवली. तिने चष्मा लावून तारीख वाचली आणि म्हणाली, “पहाटेचे साडेपाच ना? मग दूध आण आधी.”